निळी बादली

दार उघडंच होतं, तरी कडी वाजवली.
सवय. कुणी ओ देत नाही,
पण न विचारता आत शिरलं की माझे फोटो हलतात.

विदीनपासून बसनं दीड तास.
गावात अकरा धुराडी उरली, धूर निघतो चारांतून.
बाकीच्या घरांत अक्रोड उगवतात,
फरशी उचकटून, छपराला न विचारता.

या घरात
सहकारी डेअरीचं कॅलेंडर, सप्टेंबरवर अडकलेलं.
कपाटात भाजक्या मिरच्यांच्या सतरा बरण्या,
एकीचं झाकण फुगलंय.
पलंगाखाली पुरुषाचा एक बूट.
दुसरा मी शोधला नाही.
एकटा बूट फोटोत जास्त बोलतो, हे मला ठाऊक आहे
आणि ठाऊक असल्याची थोडी लाजही वाटते.

दारावर दुखवट्याचा कागद.
आमच्याकडे लावतातच, दारावर, फाटकावर, बसथांब्यावर:
अमकी जाऊन चाळीस दिवस, सहा महिने, तीन वर्षं.
चेहरा उन्हानं खाल्लाय. एका खिळ्याचा गंज
डोळ्यावरून ओघळलाय.
नाव तेवढं वाचता येतं. त्सोन्का.

रात्री सोफियात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
सावल्या उचलल्या, उजेड दाबला.
पिवळा जरा कमी केला की पडकेपण घरंदाज दिसतं.
खिडकीवरून जाणारी विजेची तार पुसली.
अंगणातली बादली पुसली,
प्लॅस्टिकची, निळी, करकरीत.
एवढ्या पडझडीत तिचं नवेपण खुपत होतं.
तिच्या जागी शेजारचं गवत आणून लावलं.
गवत कुठूनही उचला, कुणी हिशेब मागत नाही.

दोन महिन्यांनी प्रिंट घेऊन गेले
शेजारच्या व्हल्कोकडे. त्या दिवशी त्यानं
आलुबुखाराची राकिया पाजली होती, तिची परतफेड.
त्यानं शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला,
फोटो हातभर लांब धरला, मग नाकाशी.
"माझी बादली कुठाय?"

काढली, मी म्हटलं.
"का?"
रचना, रंग, नजरेची वाट,
सगळं जिभेवर आलं आणि तिथंच बसून राहिलं.

"वेलीला रोज पाणी घालतो मी.
तिच्या पोराचा ईस्टरला फोन येतो, व्हॅलेन्सियाहून.
त्याला सांगायला काहीतरी हवं ना. वेल आहे, सांगतो."
मग प्रिंटवर बोट टेकवून, मांडवावरच्या पानांवर:
"आणि ही? ही कशावर जगते, तुझ्या घरात?"

निघताना फाटकापर्यंत आला.
कागदावरचा चेहरा उजळेल का, म्हणाला.
ऑक्टोबरात नऊ वर्षं होतील, नवा लावायला हवा.
"माझ्याकडे तिचा फोटो नाही.
असायचं काही कारण नव्हतं."
आणि कोंबड्यांवर उगीच ओरडला.

मूळ फाइल मी कधी टाकत नाही.
उघडली. बादली जागच्या जागी,
काठाशी ओल, आत नाण्याएवढं आभाळ.
टिपलं मीच होतं. पाहिलं नव्हतं.

मग कागद. शंभर टक्के, दोनशे, चारशे.
चेहरा नाही, नुसते ठिपके.
काळा गडद करत गेले तशी एक भुवई आली,
रुमालाची कड आली,
हनुवटी, जराशी हट्टी.
गंज आणि डोळा वेगळे करायला पहाटेचे तीन वाजले.
जिथं काहीच नव्हतं तिथं
गवतासारखं आणून लावता आलं असतं.
हात तिथवर गेला होता.
गाल पांढरा राहू दिला.

एक ठिपका मात्र सुटेना.
छपाईचा डाग असेल. एका टिचकीत जाईल.

सकाळी फोन केला.
व्हल्को, त्सोन्काच्या ओठाशी तीळ होता?
पलीकडे कोंबड्या. रहाटाची कुरकुर.
इतका वेळ, की मला वाटलं फोन तुटला.

"डाव्या बाजूला," तो म्हणाला.
"ठेव."